तारांखालचा रुमाल

एकदा एक कापडाचा व्यापारी साठीला टेकल्यावर गिटार शिकू लागला. गिटार त्याच्या दिवंगत पत्नीची. तीवर एक गाणे शिकत असताना ती म्हणायची, जरा बसून ऐका तरी. आणि हा म्हणायचा, एवढी लगीनसराई होऊ दे. लगीनसराया आल्या नि गेल्या, ऐकायचे राहून गेले. आता वर्षश्राद्धाला तिचे ते एकच गाणे तिच्या तसबिरीपुढे वाजवावे, एवढीच त्याची आस होती.

गावातल्या वृद्ध वादकाने त्याला तीन कॉर्ड, म्हणजे स्वरांच्या जुड्या, दाखवल्या. बोटांची टोके सुजली, पण गडी हटला नाही. अडचण निराळीच होती. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना एखादी तार बसकी वाजे, आणि हा लगेच थांबून पहिल्यापासून सुरू करी. दुकानातलीच खोड ती. कापडाचे ठाण उलगडताना डाग दिसला की गुंडाळून बाजूला. तीन महिने झाले, शेवटचे कडवे काही दिसले नाही.

श्राद्धाला आठ दिवस उरले, तेव्हा वृद्धाने आपला रुमाल घडी करून तारांखाली कोंबला. आता गिटारीतून नुसता थपथप आवाज येऊ लागला.

व्यापारी दुखावला. "मास्तर, इतकं वाईट वाजवतो का मी, की तिचं तोंडच बांधलंत?"

"वाजवा शेठ. गुणगुणायला मी आहे."

हात चालू लागला. चूक ऐकूच येईना, तेव्हा थांबायला निमित्त उरले नाही. शेवटच्या कडव्यात वृद्धाने अलगद रुमाल ओढून घेतला. स्वर स्वच्छ उमटले, आणि व्यापाऱ्याचा हात थबकला.

"आता तर चूकही नव्हती," वृद्ध म्हणाला. व्यापाऱ्याने बोटे पुन्हा पहिल्या कॉर्डवर नेली.

"शेठ, गाणं संपलं की घरात ती नाही, एवढंच उरतं. म्हणून तुम्हाला आरंभ गोड वाटतो. पण त्या माउलीला तुम्ही शेवटपर्यंत बसायला हवे होतात. अर्ध्यावर उठून जाणं तिनं पुष्कळ पाहिलंय."

श्राद्धाच्या दिवशी दुसऱ्याच ओळीत तार बसकी वाजली. व्यापाऱ्याने ती तशीच जाऊ दिली. शेवटची ओळ आली, झाली. तारांचा कंप पुरता विरेपर्यंत तो तसबिरीपुढून हलला नाही.

आपण ज्याला चोखपणा म्हणतो, तो पुष्कळदा लांबणीवर टाकलेला निरोप असतो.