गपगिळ्या पंतोजी

सरक गं तिकडे, सगळं पांघरूण तूच ओढलंस. आणि तू रे, पाय आत घे. आजची गोष्ट भीतीची आहे. मग आधी सांगितलं नाहीस म्हणून माझ्या नावानं रडायचं नाही.

तर एक होतं गाव. राजाबिजा काही नव्हता तिथे. नदी होती, डोंगर होता आणि डोंगरात एक काळी गुहा होती. त्या गावात आनसा नावाची बाई राहायची. तिला एकच लेक, बकुळा. तुझ्याएवढीच, बरं का, लवकरच शाळेत जायला लागणार होती. आणि तोंडही तुझ्यासारखंच चालू. भाकरी का फुगते? मासे कधी झोपतात? आनसा म्हणायची, "मला नाही बाई ठाऊक. चल, बघू या." मग दोघी नदीकाठी पालथ्या पडून मासे बघत बसायच्या.

पण एक शब्द आनसाच्या तोंडून कधी निघायचा नाही. 'कुठे'. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, अपशकुन होतो, असं म्हणतात ना? तिनं एकदा विचारलं होतं. नवरा बाजाराला निघाला, ही दारातून म्हणाली, "कुठे निघालात?" आणि तो नदीत वाहून गेला. आता नदीला पूर आला, त्याला ही काय करणार? पण गाव तिलाच बोल लावायचं. हळूहळू तिलाही ते खरंच वाटायला लागलं बिचारीला.

मग काय झालं, शाळेत नवे पंतोजी आले. उंच, लाल मुंडासं, साखरेसारखं बोलणं, खांद्याला कातडी पिशवी. पण तो पंतोजी नव्हताच मुळी. तो होता गुहेतला गपगिळ्या. जे मूल गप्प, ते त्याच्या घशात. विचारणारं मूल त्याच्या नरड्यात अडकायचं. म्हणून आधी तो मुलांना गप्प करायचा.

पहिल्या दिवशी बकुळेनं विचारलं, "पंतोजी, 'क'ला दोन्हीकडे पोट का?"

"वा! या पिशवीत विचार, बाळ. उत्तर उद्या."

बकुळेनं पिशवीत तोंड घालून विचारलं. त्यानं कचकन नाडी ओढली. घरी आल्यावर तव्यावरची भाकरी टम्म फुगली, पण पोरीनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न पिशवीत गेला. मग ती नदीपाशी थांबेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी तिसरा गेला. मग काय, बसवलं तिथे बसायची, भरवलं तेवढं खायची. सगळी पोरं तशीच झाली.

आणि गाव खूश! पोरं वळणाला लागली म्हणे. आनसा मात्र शेजारणीकडे धावली. ती शेजारणीला म्हणाली, "माझी पोर घरात आहे, पण नाहीच आहे गं." शेजारीण म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच. शाळेत घालतात ते कशाला?"

चौथ्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं होतं. गपगिळ्या दारोदार फिरला, "चला" म्हणाला, आणि पोरं त्याच्या मागे रांगेनं निघाली. निघताना तो म्हणाला, "जातो आम्ही." ऐकलंत? आपण 'येतो' म्हणतो. तो 'येतो' म्हणाला नाही. आणि शाळेची वाट सोडून त्यानं डोंगराची वाट धरली. सगळ्या आयांनी ते पाहिलं. सगळ्यांच्या ओठांवर तोच एक प्रश्न आला. पण निघालेल्याला विचारायचं कसं? त्यातून पंतोजींना? सगळ्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या.

आनसा मात्र उंबऱ्यावरून खाली उतरली. विचारलं आणि लेक गेली तर? नाही विचारलं आणि गेली तर? ती धुक्यातून लपतछपत मागे चालत राहिली. गुहेपाशी पोचल्यावर गपगिळ्यानं मुंडासं काढलं आणि जबडा उघडला. दाराएवढा जबडा, बरं का, आत मिट्ट काळोख. रांगेत पहिली होती बकुळा. तिनं एक पाय आत टाकला. दुसरा उचलला.

"बकुळे! कुठे चाललीस?"

आनसाच ओरडली. मागून हाक मारली आणि वर 'कुठे' विचारलं, दोन्ही करू नये ते केलं. बकुळा थबकली. हळूच वळली.

"आई, तू 'कुठे' म्हणालीस? तसं म्हणायचं नसतं ना?" मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "का म्हणायचं नसतं?"

झालं! तो 'का' गपगिळ्याच्या नरड्यात अडकला. मागचा पोरगा जागा झाल्यासारखा म्हणाला, "आपण कुठे आलोय?" तिसरी म्हणाली, "ह्यांचे दात एवढे का?" गपगिळ्या खोकला, गुदमरला आणि गडगडत जो गुहेत पडला, तो पडलाच. वरून दरड कोसळली आणि गुहा बुजली.

बकुळेनं पुन्हा विचारलं, "सांग ना, का म्हणायचं नसतं?"

"मला नाही गं ठाऊक," आनसा म्हणाली. "कुणालाच ठाऊक नाही." आणि लेकीला पोटाशी धरून ती मोठ्यांदा रडली. इतक्या वर्षांचं रडू होतं ते.

मग गावानं दुसरे पंतोजी आणले. त्यांना पुष्कळ गोष्टी यायच्या नाहीत, पण येत नाही असं ते सांगायचे. आनसाला पुन्हा कुणी बोल लावला नाही. सगळी सुखानं राहिली.

झोपा आता. काही विचारायचं राहिलंय का? अगं, बोल की. तू रे? दोघंही एकदम गप्प कशी झालात? इकडे बघा बरं माझ्याकडे.

हं. झोपलात होय. घाबरवलंत की मला.