मिठाच्या बेटावरच्या साळुंक्या

एका राज्यात शीलावती नावाची राणी होती. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा रिकामा होता. राणीनं देवीपुढे ओंजळ धरली, नेम केला, "आई, एक लेकरू दे. माझ्या दारातून कुणी विन्मुख जाणार नाही." देवी पावली. कुंदकळी नावाची राजकन्या झाली, अंगणभर धावू लागली.

एके दिवशी ऐन तिन्हीसांजेला एक बाई दाराशी आली. पांढरीफटक, पापण्यासुद्धा पांढऱ्या. म्हणाली, "माई, मूठभर मीठ वाढ." तिन्हीसांजेला घरातलं मीठ बाहेर देऊ नये, हे राणीला का ठाऊक नव्हतं? पण नेम आडवा आला. तिनं रेशमी फडक्यात मीठ बांधून दिलं. सकाळी राजकन्येचं अंथरूण गार होतं.

राणीनं अन्न सोडलं. वैद्य म्हणाला, "महाराज, लेक दिसली तर ह्या उठतील. एरवी माझ्या हाती काही नाही."

राजाच्या पदरी दोन हेर होते. एक कोयरी मुंगशी, एक दुर्गी टिटवी. मुंगशी दिसली की लोक हात जोडत, टिटवी ओरडली की दारं लावून घेत. दोघी दिवसभर भांडत, पण एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नसे.

कोयरीनं उंबरा हुंगला. पायऱ्यांवर मिठाचे कण सांडले होते. कणाकणानं वाट समुद्राला जाऊन मिळाली होती.

"परमुलखात जावं लागणार," कोयरी म्हणाली. "आणि मला पोहता येत नाही."

"मला शुभ दिसता येत नाही. माझं काही अडलंय? चल."

एका म्हाताऱ्या कासवानं कोयरीला पाठीवर घेतलं. ती वाटभर ओकत राहिली. वरून दुर्गी ओरडली, "अगं बाई, सगळा शुभशकुन सांडतोय की पाण्यात!" कोयरी हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे राणीचे खोल गेलेले डोळे होते.

पैलतीरी पांढरं बेट होतं. झाड नाही, पान नाही. मधोमध मिठाचा महाल, आणि दारात तीच बाई. क्षारांगी तिचं नाव.

"माग काढत आलात, आता नियम ऐका," ती म्हणाली. "तीन शोध सांगते. लागले तर मुलगी न्या. एक जरी चुकला तर तुम्ही माझ्या पिंजऱ्यात."

"कबूल," कोयरी म्हणाली.

"पहिला. माझ्या विहिरीत कोण रडतं?"

कोयरी नखं रोवत आत उतरली. पाणी नव्हतं. कपारीकपारीत लहान मुलांचे वाळे टांगले होते. वारा शिरला की ते हुंदक्यासारखे वाजत. ती वर आली, म्हणाली, "कुणी रडत नाही. वाळे वाजतात. पुष्कळ आहेत."

"दुसरा. माझ्या अंगणात गवत का उगवत नाही?"

टिटवी घरटं करते ते भुईवर, म्हणून दुर्गीला भुई कळे. तिनं चोचीनं उकरलं. खाली गाठीच गाठी निघाल्या. कुठली जरीकाठाची, कुठली घोंगडीच्या तुकड्याची. गाठीगाठीत मीठ. "घराघरातून मागून आणलेलं मीठ पुरलंय," दुर्गी म्हणाली.

"तिसरा. तुमची मुलगी ओळखा."

दालनभर पिंजरे होते. पिंजऱ्यापिंजऱ्यात साळुंकी, एकीसारखी दुसरी. क्षारांगीनं दाणे फेकले. कोयरी टक लावून बसली. राणीच्या घरी पहिला घास मुक्या जिवासाठी बाहेर ठेवत. कोयरीचं बालपण त्याच घासांवर गेलं होतं. आणि पाहते तो काय, कोपऱ्यातल्या साळुंकीनं एक दाणा उचलला, गजांबाहेर ठेवला, मग खायला लागली.

"सापडली!" दुर्गी कुजबुजली.

तोच शेजारच्या साळुंकीनं दाणा बाहेर ठेवला. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्या दालनानं. कुंदकळीनं शेजारणीला शिकवलं होतं, तिनं आपल्या शेजारणीला.

क्षारांगी खदाखदा हसली. "बोल, हेरा. तुझी कोणती?"

कोयरीनं कोपऱ्यातल्या साळुंकीकडे पाहिलं. कोपऱ्यातली मागावी, कासवावर बसावं, राणी वाचेल. कुणी नाव ठेवणार नाही. पण कानात वाळे वाजतच होते.

"सगळ्याच," ती म्हणाली.

"मी एक विचारली."

"तुम्ही आमची विचारलीत. उपाशीपोटी दुसऱ्यासाठी दाणा ठेवतं ते लेकरू आमचंच. एकही कमी नेणार नाही."

"आणि चूक असेल," दुर्गी म्हणाली, "तर पिंजरे शेजारीशेजारी दे. हिच्याशी भांडल्याशिवाय मला झोप येत नाही."

क्षारांगीचं हसू ओठांवरच थिजलं. आजवर जो आला तो आपल्याच मुलासाठी आला. उरलेल्यांच्या आसवांवर महालाच्या भिंती उभ्या राहत. त्या दिवशी कुणी उरलंच नाही. गज पाझरले, भिंती पाझरल्या, क्षारांगी उभ्या जागी विरघळली. दालनात मुलंच मुलं उभी होती, अनवाणी, एकमेकांचे हात धरून.

कासवानं आपलं सगळं गोत बोलावलं. मुलं घरोघर पोचली. काही घरांत वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. ती मुलं राणीकडे आली. कुंदकळीला पाहून राणी उठून बसली, त्यांच्या पंगतीत जेवली.

बायांनो, मुलांनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या लेकरासाठी मागाच. पण कोयरीनं मागितलं तसं मागा. एकही कमी मागू नका, एवढीच विनवणी.