एवढी ताटली

"...मग जनावरात आणि माणसात फरक तो काय राहिला, बाबा?"

नृसिंहशास्त्री टेकडी चढून आले होते. धाप लागली होती, पण वाद आधी आणि पाणी मागाहून, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

रेवणबाबा मठीच्या अंगणात गाईला चारा घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झालं काय?"

"आमच्या घरातल्यांचं डोकं फिरलंय. वेणू जाऊन चार महिने झाले. पाच वर्षांची पोर, तापाने गेली... तिची आई अजून रोज माझ्या पानाशेजारी तिची ताटली मांडते. पाटसुद्धा मांडते! मी देहाचं सांगितलं, आत्म्याचं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! गेलेलं माणूस येत नाही हे जनावराला कळत नाही, माणसाला कळतं. तेवढाच तर फरक!"

"मग?"

"मग मी ती ताटली उचलली आणि डोहात टाकली."

"आणि?"

"आज सहावा दिवस." शास्त्रीबुवांचा आवाज खाली आला. "बोलत नाही. अन्नाला शिवत नाही. अशाने ती पण जाईल, बाबा... तुम्ही चला. तुमचं ऐकेल."

बाबा मठीत गेले आणि एक वासरू घेऊन बाहेर आले.

वासराचे चारही पाय ताठ होते. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. या गाईचं वासरू महिन्यापूर्वी दगावलं होतं, आणि गवळी करतात तसंच बाबांनी केलं होतं. कातडं वाळवून, आत पेंढा भरून, दाभणाने शिवून टाकलं. शिवताना तीनदा हातातलं काम ठेवून ते बाहेर जाऊन बसले होते, असं म्हणतात.

वासरू पुढ्यात येताच गाय हंबरली. चाटून चाटून त्याच्या कपाळावरचे केस केव्हाच गेले होते, तरी ती तिथेच चाटू लागली. तिला पान्हा फुटला. बाबा चरवी घेऊन खाली बसले.

शास्त्रीबुवा हसले. वादात जिंकल्यावर हसत, तसे. असं हसू वैऱ्यालाही येऊ नये.

"बघा! पेंढ्याला चाटतेय! मी हेच म्हणतो. हिला कळत नाही."

"नसेल कळत," बाबा म्हणाले. चरवीत धारा वाजत होत्या. "बाई त्या ताटलीत काय वाढायच्या?"

"काय म्हणजे?"

"वरणभात? दूधभात?"

"...काही नाही. रिकामीच मांडायची."

"का?"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं. कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे, आणि याचंही होतं. खाणारं कोणी नाही हे तिला ठाऊक होतं. चार महिने, रोज, पाट मांडताना ठाऊक होतं.

ते उत्तर त्यांना देता आलं नाही.

धारा थांबल्या. बाबांनी चरवी बाजूला ठेवली.

"केवढी होती ताटली?"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात पुढे केले, मधे अंतर ठेवलं.

"एवढी... पितळेची. मोठ्या ताटात तिचा हात पुरायचा नाही. मीच आणली होती... काठाला वेल होती. जेवताना ती वेलीची पानं मोजायची. एकदाही बरोबर मोजली नाहीत..."

ते बोलायचे थांबले. हात मात्र तसेच राहिले. ते खाली घ्यावेत असं त्यांना वाटेना, कारण घेतले असते तर ते माप मोडलं असतं.

पोरीला पोचवून आल्यापासून शास्त्रीबुवा रडले नव्हते. ज्ञानी माणसाने रडू नये, असं त्यांनीच चारचौघांत सांगितलं होतं. आता डोळे वाहू लागले आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

गाय अजून चाटत होती...

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्ही येता ना? मी एकटा जाऊन तिला काय सांगू?"

बाबांनी चरवीवर फडकं बांधलं आणि उठले.

"सांगू काही नका. हात असेच धरून खाली उतरा. पायथ्याशी तांबटाचं दुकान आहे."