खोड सांगायचा दिवस

फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका मुलुखाला टोपलीचेंडूचे वेड होते. गावोगावच्या मैदानांवर दोन टोकांना दोन उंच बांबू, बांबूंना बुड कापलेल्या टोपल्या, आणि त्यांत चेंडू टाकायला प्रत्येक संघाचे पाच गडी. गडी हेरायचे, खेळवायचे, गरज पडली तर दुसऱ्या गावाशी अदलाबदल करायची, हे सगळे संघाच्या कारभाऱ्याचे काम.

अदलाबदल वर्षातून एकदाच, जत्रेच्या दिवशी, मोठ्या वडाच्या पारावर होई. तिची रीत ठरलेली होती. देणाऱ्याने गड्याला शेजारी उभे करून सगळ्यांसमोर त्याचा एक गुण आणि एक खोड सांगायची. रीत चांगली होती, पण लोक हुशार झाले होते. "खोड काय, तर फार जेवतो," असे एक कारभारी म्हणे. "घोरतो," असे दुसरा म्हणे. जत्रा हसे, आणि खरी खोड नव्या गावाला पहिल्याच सामन्यात कळे.

त्यातल्या एका गावचा कारभारी यंदा फार बेजार होता. त्याचा सर्वांत उंच गडी गाव सोडायचे म्हणत होता. हा गडी कारभाऱ्यानेच शोधलेला. रानात शेळ्यांमागे फिरता फिरता तो दगड मारून कवठे पाडायचा, ते पाहून कारभाऱ्याने त्याला मैदानावर आणले होते.

"काका, मला जाऊ द्या."

"काय कमी आहे तुला इथे?"

"दोन वर्षं सांगतोय, मला टोपलीखाली उभं करू नका. मला लांबून टाकू द्या."

"एवढा ताडमाड माणूस लांब उभा केला, तर लोक मला वेड्यात काढतील."

"मग जाऊ द्या."

कारभाऱ्याचे डोके फिरले. गावानेही त्यात तेल ओतले. "बसवा त्याला बाहेर! बसून बघेल तेव्हा जिरेल." त्याला बाहेर बसवले. पाच सामने झाले, चार हरले. गड्याची काही जिरली नाही. मैदानाच्या कडेला बसून त्याने गवत उपटले, उपटले, आणि तिथे चांगले टक्कल पाडले.

बातमी पसरली. गेल्या वर्षी या गड्यासाठी जी गावे दारात बसून होती, त्यांतले एक आता म्हणाले, "गुडघेदुखीचा एक गडी देतो. फार तर वर एक बकरी." कारभाऱ्याला भाकरी गोड लागेना. गडी असाच गेला तर संघ बुडणार होता, आणि राहिला तर कुढत राहणार होता.

जत्रेच्या दिवशी गावच्या पाटलांनी कारभाऱ्याला बाजूला घेतले. "कारभारी, घाटापलीकडच्या गावाला यातलं काहीच ठाऊक नाही. दोन चांगले गडी घेऊन आलेत ते. तुम्ही आपलं 'फार जेवतो' म्हणा आणि हात मिळवा. पुढचं त्यांचं ते बघतील."

"हं," कारभारी म्हणाला.

तो पारावर चढला. शेजारी गडी उभा होता, बाजारात आणलेल्या बैलासारखा, मान खाली घालून. समोर घाटापलीकडचा कारभारी मिशीवर हात फिरवत होता. त्याच्या मागे नदीकाठच्या गावची बाई उभी होती. तिथला संघ तीच सांभाळत असे.

"गुण असा," कारभाऱ्याने सुरुवात केली, "की टोपलीखाली याच्यासारखा..."

आणि तो थांबला. त्याला ते कवठाचे झाड आठवले. कवठे पाडताना हा गडी झाडाखाली उभा नव्हता. ओढ्याच्या पलीकडे उभा होता. तिथून त्याचा एकेक दगड नेमका देठावर बसत होता. ते बघूनच तर आपण याला आणले. मग त्याला टोपलीखाली कोणी नेऊन उभे केले?

"चुकलो," कारभारी मोठ्याने म्हणाला. "गुण असा, की हा लांबून टाकतो तो चेंडू सहसा चुकत नाही. खोड अशी, की टोपलीखाली उभं केलं की हा रुसतो. आणि दोन वर्षं त्याने सांगूनही मी ऐकलं नाही. ती खोड माझी."

जत्रा हसली नाही. पाटलांनी कपाळावर हात मारला. घाटापलीकडचा कारभारी उठला. "रुसका गडी आम्हाला नको," म्हणत आपले दोन्ही गडी घेऊन तो चालू लागला.

कारभारी पारावरून उतरू लागला. तेवढ्यात नदीकाठची बाई आपल्या एका गड्याला घेऊन पुढे आली.

"आज पहिल्यांदा या पारावर काहीतरी ऐकायला मिळालं. याला कुठे उभं करायचं ते मला कळलं. आता माझ्या गड्याचं ऐका. गुण, कष्टाळू. खोड, हा स्वतः कधी टोपलीत टाकतच नाही. कितीही ओरडा, चेंडू दुसऱ्यालाच देतो. मी थकले बाई!"

कारभारी खुदकन हसला. "माझ्याकडे टाकणारे चौघे आहेत, देणारा एकही नाही. आणा त्याला!"

हात मिळाले. उंच गडी जाताना वाकून म्हणाला, "काका, हे घरीच बोलला असतात, तर मी गेलो नसतो."

"माहीत आहे रे," कारभारी म्हणाला. "आता तिथे लांबूनच टाक. आमच्यावरही टाक."

दोन्ही गावांच्या पुढच्या सामन्यात त्याने खरोखरच टाकले, मैदानाच्या अर्ध्यावरून. पहिला चेंडू टोपलीतून खाली आला तेव्हा सर्वांत आधी टाळी वाजली ती कारभाऱ्याची. पाटील त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. नव्या गड्याने मात्र दिवसभर चेंडू वाटला, आणि कारभाऱ्याचे गाव दोन टोपल्यांनी जिंकले.

त्या दिवशी कारभाऱ्याने चौथी भाकरी मागितली.

"आज काय हो हे?" बायको म्हणाली. "कितीतरी दिवसांनी!"

"खोड आहे माझी," तो म्हणाला. "फार जेवतो."

तात्पर्य: नाराज माणसाला डांबून ठेवण्यात किंवा खोटे बोलून खपवण्यात कोणाचेच भले नाही. तो का नाराज आहे हे खरेपणाने सांगितले, तर त्याला त्याची जागा सापडते आणि आपल्या मनावरचा धोंडाही उतरतो.