भागू माशीचा पहारा

फार पूर्वी जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. दारात भागू माशी येणारीच्या मिशांना मिशा लावून हुंगायची. परका वास आला, की डंख!

पण आत घरचीच गुलबी काम सोडून मध खात बसली आणि नुसती आपलीच अंडी घालत सुटली. पोळ्यातली पिल्लं उपाशी राहू लागली. भागू धावून गेली, तर गुलबी तिच्या मिशा गोंजारत म्हणाली, "मावशी, हुंगा की! मी घरचीच." भागूचा राग विरघळला. ती दाराशी परतली.

पोळ्यातल्या म्हाताऱ्या कोंडाबाई माशीनं हसत तिच्या मिशांना झाडाचा चीक फासला. "आता जा बघू."

मिशा चिकानं बुजलेल्या, त्यामुळे या खेपेला घरचा वास की गोंजारणं, काहीच भागूला जाणवलं नाही. पिल्लांचं रडणं तेवढं ऐकू आलं. तिनं गुलबीला अंड्यांसकट बाहेर काढलं.

भागू अजून दारात हुंगते, पण वर विचारते, "घरची ना गं? मग आणलंस काय?"