साळिंदराचा शेरा

डोंगराला अजून कोणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी पिल्लांची शाळा भरे. तिथे वाचन म्हणजे चिखलातल्या पाऊलखुणा वाचणं. प्रत्येक शिक्षकाने आधी पळसाच्या पानावर पाठाचं टाचण काढायचं आणि साळिंदरसाहेबांनी ते तपासायचं, असा रिवाज होता. साळिंदर बिळात बसून त्याला सात कसोट्या लावी आणि आपल्याच गळून पडलेल्या काट्याने शेरा मारी. त्याच्या काट्यांना भिऊन सगळे दाराशी पान ठेवत आणि पळत सुटत.

टिटवीबाईंच्या टाचणात नावाखाली एकच ओळ होती: ‘आज पिल्लं एक खूण वाचतील आणि तिच्यातून काय कळतं ते सांगतील.’ साळिंदराने लिहिलं, ‘अपूर्ण.’

“साहेब, एकदा वर्गावर या की,” बाई दारातूनच म्हणाल्या.

“मी टाचण तपासतो, बाई. वर्ग नाही.”

पुढे ते पान न्यायला कोणी फिरकलंच नाही. शेवटी साळिंदर स्वतःच ते घेऊन निघाला आणि बाभळीआड थबकला. पिल्लं काही खुणांवर वाकली होती.

“हे रोज पाण्यावर येतात,” एक पिल्लू सावकाश वाचत होतं. “येताना एकटे, जाताना एकटे. इथे बराच वेळ थांबलेत, आपल्या शाळेकडे तोंड करून. मग मागे वळलेत.”

“कोण ते?”

“काटे घासल्याच्या रेघा आहेत, बाई. साळिंदरसाहेब.”

साळिंदराने आपला एक गळलेला काटा उचलला. ‘अपूर्ण’ हा शेरा त्याने तसाच ठेवला. पानावरचं टिटवीबाईंचं नाव तेवढं खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.