उगवतीला काढलेल्या चपला

"बाबा, शेवटचं विचारतो. सही करणार आहात की नाही?"

"नाही करनार असं मी कवा म्हनलं?"

उल्हास तायडेने कपाळ पुसलं. सकाळी दहापासून हेच चाललं होतं.

वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन, आणि अर्ध्या उरलेल्या जुन्या बोळाच्या तोंडाशी गुलाबशाह बाबांचा तकिया. तकिया म्हणजे काय, तर फकिराची एक खोली, पुढे ओटा आणि ओट्यालगत एक उभी भिंत. उल्हास आता नगररचनेतला मोठा साहेब होता. हा वाकडातिकडा बोळ सरळ आणि साठ फूट रुंद करायची योजना त्याचीच. चौकापासून तकियापर्यंतची घरं पाडून डांबर पडलंही होतं. उरलेल्या चाळीस घरांची संमती हवी होती आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, बाबांची सही झाली की आमची झाली.

याच ओट्यावर बाबांनी त्याला पाढे शिकवले होते. म्हणून तर स्वारी ऐटीत आली होती. गुरू आपलाच, मग काय अवघड?

आल्या आल्या त्याने आपले काळे बूट काढले. भिंतीच्या मावळतीला, छान सावलीत.

"तिथं नोको. उगवतीले काढ," बाबा म्हणाले होते.

भिंतीच्या उगवतीला रखरखीत ऊन होतं. ओट्यावर बसलेल्या आम्हा बोळातल्या माणसांच्या चपला त्याच उन्हात ओळीने मांडलेल्या. उल्हासला हसू आलं.

"सावली सोडून उन्हात काढू?"

बूट त्याने सावलीतच ठेवले.

मग ओट्यावर नकाशा पसरला गेला. बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे हिरवं काय हाय?"

"झाडं. दोन्ही बाजूंना लावणार आहोत."

"सावली कवा देतील?"

"पंधरा वर्षं धरा."

"अन् तंवर?"

उल्हासने नकाशा उगाच सारखा केला.

"अन् हा बाण?"

"उत्तर दिशा दाखवतो."

"दिशा हाय, तं सूर्य काहून नाही?"

"नकाशात सूर्य काढत नसतात, बाबा. आणि बोळात वारा कुठे येतो? रुंद रस्त्यावर कसा मोकळा येईल."

"येते ना. झळ म्हनतात तिले."

ओट्याच्या कडेला बसलेली सकरबाई हसली. तीस वर्षं ती बोळातल्या घरांच्या आडोशाला बसून काकणं विकत होती. आडोसा पाडला, तेव्हापासून टोपली घेऊन ती तकियात आली होती.

"नव्या रस्त्यावर बसून पाह्यलं म्या," ती म्हणाली. "आठ दिवसांत दोनदा चक्कर येऊन पडली."

"मावशी, सुधारणा म्हटली की थोडा त्रास होतोच."

"कोनाले?" बाबांनी विचारलं.

...

दीड वाजला. तीनला वरच्या साहेबांची बैठक होती. उल्हासचा पारा चढला. नकाशाची गुंडाळी करत तो म्हणाला, "बाबा, तुमचा मान ठेवला म्हणून इतका वेळ बसलो. सही नसली तरी रस्ता व्हायचा तो होणारच आहे."

मला त्याचा भयंकर राग आला. ज्याने पाढे शिकवले, त्यालाच हा दम!

बाबा मात्र शांतपणे उठले.

"चाल. करतो सही."

ते भिंतीच्या उगवतीला गेले. ऊन केव्हाच पलीकडे सरकलं होतं. ओळीतल्या सगळ्या चपला आता सावलीत होत्या. बाबांनी आपल्या टायरच्या चपला पायांत सरकवल्या, सरळ नव्या रस्त्यावर गेले आणि बरोब्बर मधोमध उभे राहिले. डोक्यावर फडकंसुद्धा नाही. ऐंशीच्या घरातलं माणूस तसं उभं राहिलेलं बघवेना.

उल्हास हरखला. कागद आणि पेन घेऊन लगबगीने बुटांकडे धावला, बुटात पाय घातला आणि तसाच बाहेर ओढला. कातडं नुसतं तापलं होतं. मग अनवाणीच दोन पावलं डांबरावर टाकली.

"अयायाया! पाय भाजले वो बाप्पा!"

साहेबी मराठी तिथेच संपली. एका पायावर नाचत तो मागे ओट्याशी आला.

त्याने चपलांच्या ओळीकडे पाहिलं. सकरबाईने आपली चप्पल पायानेच जवळ ओढून घेतली. मग आम्ही बाकीच्यांनीही आपापल्या ओढल्या.

"बाबा, सावलीत या ना. इथं करा सही," उल्हास सावलीच्या कडेवरून ओरडला.

बाबांनी तिथूनच पेनासाठी हात पुढे केला.

"ये ना, उल्हास... तुहाच तं रस्ता हाय."